सेल संपला? लावा लॅपटॉपला!

चार्जर नको, अडाप्टर नको. सेलच थेट कम्प्युटरला जोडायचा आणि चार्ज करायचा! आयडिया एकदम कूल आहे. पण नागपूरच्या उन्हात आणि आपल्या साध्यासुध्या घरात ती परवडते का? नऊ महिने वापरून पाहिल्यावरचा हा रोखठोक हिशेब...

आमच्या घरी टीव्हीचा रिमोट बंद पडला की बाबांचे तीन उपाय ठरलेले असतात. पहिला, रिमोट तळहातावर दोनदा आपटायचा. दुसरा, मागचं झाकण काढून सेल जागच्या जागी गोल फिरवायचे. तिसरा आणि शेवटचा उपाय म्हणजे सेल गच्चीवर उन्हात ठेवायचे. नागपूरच्या उन्हात मेलेला सेलसुद्धा उठून बसतो, असा त्यांचा ठाम विश्वास आहे. तिन्ही उपाय फसले की स्वयंपाकघरातून आईची हाक येते, "अगं, ऑफिसातून येताना दोन पेन्सिल सेल घेऊन ये!"

ही हाक मी इतक्या वेळा ऐकली आहे की शेवटी वैताग आला. त्यात ऑफिसात माझा वायरलेस माउस नेमका क्लायंट कॉलच्या वेळीच मान टाकायचा. मग मागच्या दिवाळीत ऑनलाइन 'सेल'मध्ये मी सेल घेतले. साधे नाही, यूएसबीवर चार्ज होणारे. चार पेन्सिल सेल, सोबत चार शेपट्या असलेली एक केबल, किंमत साधारण पंधराशे रुपये.

पार्सल उघडलं तेव्हा आईने एक सेल हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "पंधराशे? अगं, बर्डीवर अठरा रुपयाला मिळतो!"

"आई, हा पुन्हा पुन्हा चार्ज होतो."

"हो, पण केव्हा वसूल होईल?"

मंडळी, एमबीएवाले ज्याला 'रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट' म्हणतात, तो प्रश्न माझ्या आईने पाच सेकंदांत विचारला. उत्तर शोधायला मला नऊ महिने लागले!

शेपटीवाल्या सेलची जन्मकथा

ही आयडिया आजची नाही. २००६ साली ब्रिटनमधल्या मोइक्सा नावाच्या कंपनीने 'यूएसबीसेल' बाजारात आणला. सायमन डॅनियल या संशोधकाची ही कल्पना. दिसायला नेहमीचा पेन्सिल सेल, पण डोक्यावरची हिरवी टोपी उघडली की आत यूएसबीचं तोंड. ते कम्प्युटरच्या पोर्टात खुपसायचं आणि साधारण पाच तास विसरून जायचं. त्या काळी पेन ड्राइव्ह गळ्यात अडकवून फिरणं ही स्टाइल होती, त्यामुळे हा सेल म्हणजे गॅजेटवेड्यांसाठी पर्वणीच!

फक्त एक गोची होती. सेलच्या पोटातली बरीच जागा त्या यूएसबीच्या तोंडानेच खाल्ली. त्यामुळे त्याची क्षमता होती १,३०० एमएएच. त्याच सुमारास, म्हणजे २००५ च्या नोव्हेंबरमध्ये, जपानच्या सान्यो कंपनीने 'एनेलूप' हा रिचार्जेबल सेल आणला होता. तो २,००० एमएएचचा होता आणि वर्षभर नुसता पडून राहिला तरी ८५ टक्के चार्ज टिकवून ठेवतो, असा कंपनीचा दावा होता. त्याआधीचे रिचार्जेबल सेल ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्याच महिन्याभरात बरेचसे रिकामे व्हायचे. एनेलूपने ते दुखणं बरंच कमी केलं. म्हणजे सोय हवी तर यूएसबी आणि दम हवा तर वेगळा चार्जर, असा तेव्हाचा सरळ हिशेब होता.

आजचे यूएसबी सेल मात्र आतून पूर्ण बदलले आहेत. जुन्या सेलात निकेल मेटल हायड्राइड असायचं, यांच्या पोटात मोबाइलसारखा छोटा लिथियम-आयन सेल असतो. लिथियमचं व्होल्टेज साधारण ३.७. ते थेट रिमोटला दिलं तर रिमोट शहीद! म्हणून आत एक चिमुकलं सर्किट बसवलेलं असतं. ते ३.७ चं बरोबर १.५ व्होल्ट करून बाहेर सोडतं. बाजूला टाइप-सी किंवा मायक्रो यूएसबीचं भोक, चार्जिंग दाखवणारा दिवा, आणि दीड-दोन तासांत सेल फुल्ल.

या सर्किटचं कौतुक लक्षात ठेवा. पुढे तेच व्हिलन होणार आहे.

सेल आणि आपलं नागपूर

पण सेलला नावं ठेवण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी. साध्या सेलशी आपलं नातं फार जुनं आहे, अगदी मातीतलं!

बाबांच्या लहानपणी संपलेला सेल कोणी फेकत नसे. दगडाने फोडायचा, आतली काळी पावडर काढायची, पाल्याच्या रसात कालवायची आणि शाळेचा फळा सारवायचा. मधली कांडी पाटीवर रेघोट्या मारायला! त्या काळ्या पावडरचं नाव मँगनीज डायऑक्साइड. साध्या सेलचं बाहेरचं डबडं जस्ताचं, मधली कांडी कार्बनची आणि दोघांच्या मध्ये ही काळी पावडर. जस्त झिजत जातं आणि वीज मिळत जाते. जस्त आणि पावडर यांचा दम संपला की सेलचा खेळ खल्लास.

आता ही पावडर येते कुठून? काटोल रोडवरून जाताना 'मॉइल'चं मुख्यालय तुम्ही पाहिलंच असेल. मध्य प्रांतात मँगनीज शोधायला १८९६ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश उद्योगाचं हे वारसदार. १९६२ पासून ते 'मँगनीज ओअर इंडिया' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्याच्या खाणी आपल्या नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री, गुमगावला, पलीकडे बालाघाटला आणि भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गला आहेत. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून निघणारं मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेलच्या उद्योगासाठी वापरलं जातं. सेलसाठी लागणारं जास्त शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा प्लांटही मॉइलने तिथेच उभारला. म्हणजे तुमच्या रिमोटमधल्या सेलात भंडाऱ्याची माती असू शकते, बॉस!

तेव्हा साधा सेल म्हणजे काही 'आउटडेटेड' भंगार नाही. तो स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या पानठेल्यावरही मिळतो आणि काही कामांत आजही त्याचा हात धरणारा कोणी नाही. कोणत्या कामांत, ते बघूच.

आधी घरातले सेल मोजा

वसुलीचा हिशेब करायचा तर आधी खप किती हे कळायला हवं. एका रविवारी तर्री पोहे खाऊन मी वही घेऊन बसले आणि घरातले सगळे सेल मोजले. टीव्ही रिमोट २, सेट टॉप बॉक्सचा रिमोट २, एसीचा रिमोट २, भिंतीवरची घड्याळं ३, माउस १, कीबोर्ड २, किचनमधला वजनकाटा २, बाबांचा ट्रान्झिस्टर २, बीपी मशीन ४, गॅस गीझरमध्ये मोठे २ आणि भाच्याची रिमोटवाली गाडी ४. एकूण २६! तुम्हीही मोजून बघा, आकडा चकित करतो.

त्याहून इंटरेस्टिंग गोष्ट म्हणजे या २६ पैकी बहुतेक सेल ऐतखाऊ आहेत. घड्याळाला वर्षातून एकदा सेल लागतो. रिमोटचं आपटून-फिरवून वर्ष निघतं. खरे खादाड दोनच. एक, भाच्याची गाडी, जी दर रविवारी चार सेल फस्त करते. दुसरा ऑफिसचा माउस, आणि तोही सहा महिन्यांत एकच सेल खातो. माझी चिडचिड माउसच्या खादाडपणामुळे नव्हती, तो चुकीच्या वेळी संपायचा म्हणून होती.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर देऊ. माझा एक यूएसबी सेल पडला ३७५ रुपयांना.

घड्याळात घातला तर? अठरा रुपयांचा साधा सेल वर्षभर चालतो. म्हणजे ३७५ रुपये वसूल व्हायला वीस वर्षं! तोवर घड्याळ बदलेल, घर बदलेल, कदाचित आडनावही बदलेल. शिवाय आतलं सर्किट चोवीस तास स्वतःसाठी थोडी थोडी वीज खात राहतं. त्यामुळे घड्याळाचा काटा काही महिन्यांतच थांबतो. म्हणजे शुद्ध वेडेपणा.

माउसमध्ये? चाळीस रुपयांचे दोन अल्कलाइन सेल दर वर्षी, म्हणजे वसुलीला साडेचार वर्षांच्या वर. ठीकठाक.

भाच्याच्या गाडीत? दर रविवारी साध्या चार सेलांचे सत्तर-बहात्तर रुपये. पंधराशेचा पॅक एकवीस रविवारांत, म्हणजे पाच महिन्यांत वसूल. त्यानंतर सगळी चैन! गाडीवाला खूश, मामाही खूश आणि मावशी, म्हणजे मी, तर घरातली हिरोइन.

विजेचं म्हणाल तर तो खर्च विसराच. चार सेल पूर्ण भरायला, वाया जाणारी धरूनही, १५-१६ वॉट-अवर वीज लागते. युनिटला बारा रुपये धरले तरी वीस पैसे. उलट चाळीस रुपयांच्या अल्कलाइन सेलात साधारण तीन वॉट-अवर वीज असते. एक युनिट भरायला असे ३३३ सेल लागतील, म्हणजे सेलातली वीज पडली युनिटला तेरा हजार रुपयांना! वीजबिल पाहून दर महिन्याला कपाळावर हात मारणारे आपण, सेल घेताना मात्र हजारपट दर हसत हसत मोजतो.

लॅपटॉप झोपला, सेल उपाशी

हिशेब छान झाला. पण वापरताना काय काय झालं, तेही ऐका.

पहिल्याच रात्री मी केबल लॅपटॉपला लावली आणि झोपले. सकाळी पाहते तो सेल जवळपास रिकामेच! दोष माझाच होता. लॅपटॉपचं झाकण बंद केलं की तो झोपतो आणि त्याच्यासोबत बहुतेक पोर्टही झोपतात. काही लॅपटॉपवर एका पोर्टशेजारी विजेचं किंवा बॅटरीचं छोटं चिन्ह असतं. तेवढं एकच पोर्ट रात्रीही जागं असतं. माझ्या लॅपटॉपवर ते नव्हतंच.

दुसरी गोष्ट वेगाची. यूएसबी २.० च्या पोर्टाची अधिकृत ताकद ५०० मिलिअँपिअर, ३.० ची ९००. चार सेल एकदम लावले की ही ताकद चौघांत वाटली जाते. पाकिटावरचे दोन तास मग चार-पाच होतात. मोबाइलच्या चार्जरला तीच केबल लावली की काम फटाफट होतं.

तिसरी गंमत टाइप-सीची. ऑफिसच्या नव्या लॅपटॉपला सगळी पोर्टं टाइप-सी आणि सेललाही टाइप-सी. मी मोबाइलची दोन्हीकडे सी असलेली केबल लावली. काहीच नाही! दिवासुद्धा लागेना. कारण समोर खरंच काही जोडलंय, हे टाइप-सी पोर्टाला कळावं म्हणून उपकरणात दोन छोटे रेझिस्टर लागतात. स्वस्त सेलांमध्ये कंपन्या तेच वाचवतात. मग एका टोकाला जुनं चौकोनी तोंड असलेली केबलच शोधावी लागते.

आणि चौथी गोष्ट म्हणजे ऑफिस. डेस्कवर कम्प्युटरला चार सेल लोंबकळताहेत हे पाहून सिस्टीमवाल्याचा फोन आला, "मॅडम, तुमच्या मशीनला काय लावून राहिल्या तुम्ही?" आमच्याकडे यूएसबी पोर्टांचे नियम कडक आहेत. त्यात डेटाबिटा काही नसतो, नुसती वीज घेते, हे त्याला समजावता समजावता लंच टाइम संपला. शेवटी सेल घरीच चार्ज करायचं ठरलं. खरं सांगायचं तर आज कम्प्युटरची गरजच उरलेली नाही. २००६ मध्ये घरात यूएसबीचं भोक फक्त कम्प्युटरला असायचं, आता प्रत्येक बेडशेजारी चार्जर आहे.

ती रात्र

तरीही लॅपटॉपला लावण्याची किंमत मला एका रात्री कळली.

एप्रिलमधली गोष्ट. संध्याकाळपासून ढग, मग वादळ आणि रात्री दहाला लाइट गेले. अकराच्या सुमारास बाबा म्हणाले, "चक्कर येऊन राहिली थोडी." त्यांना बीपी आहे, गोळ्या चालू आहेत. आईने लगेच मशीन काढलं. पट्टा दंडाला बांधला, बटण दाबलं. काहीच नाही. पडदा कोरा.

मशीनमध्ये माझे यूएसबी सेल होते. मीच घातले होते, मोठ्या कौतुकाने. सकाळचं रीडिंग व्यवस्थित आलं होतं. बॅटरी कमी असल्याचं चिन्हही दिसलं नव्हतं.

इथे ते सर्किट व्हिलन झालं. साधा सेल हळूहळू थकतो. त्याचं व्होल्टेज उतरत जातं, मशीनला ते कळतं आणि ते आठवडाभर आधी इशारा देतं. लिथियमचा यूएसबी सेल शेवटच्या श्वासापर्यंत १.५ व्होल्टच दाखवतो आणि मग एका क्षणात शून्य. मशीनला वाटतं सगळं आलबेल आहे. माउसमध्ये हा गुण वाटतो, बीपी मशीनमध्ये हाच दोष जिवावर येऊ शकतो.

बाहेर पाऊस, दुकानं बंद, मोबाइल चार्ज करायला लाइट नाहीत. आई बाबांच्या पाठीवर हात ठेवून बसलेली. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मग लॅपटॉप आठवला. बॅगेतून काढला, सत्तर टक्के चार्ज होता. सेल काढले, केबल लावली, झाकण उघडं ठेवलं आणि पडद्याच्या उजेडात घड्याळाकडे बघत बसलो. पंधरा मिनिटं. इतकी लांब पंधरा मिनिटं मी आयुष्यात कधी मोजली नव्हती. सेल परत मशीनमध्ये घातले, पट्टा फुगायला लागला, तो आवाज ऐकून तिघांनीही श्वास सोडला. वरचा आकडा १५८. जास्त, पण आमच्या डॉक्टरांनी फोनवर दोन प्रश्न विचारले, झोपून राहायला सांगितलं, तासाभराने परत मोजायला लावलं. तेव्हा १४२ होता. सकाळी क्लिनिकमध्ये जाऊन आलो, गोळीचं प्रमाण बदललं, आता बाबा ठणठणीत आहेत.

त्या रात्री ज्या सेलाने दगा दिला, त्यानेच पंधरा मिनिटांत हातही दिला. अल्कलाइन असता तर संपण्याआधी इशारा दिला असता, पण इशाऱ्याकडे कानाडोळा करून संपवला असता तर रात्री अकराला लॅपटॉपवर जिवंत झाला नसता. दोन्ही खरं आहे. पण दुसऱ्या दिवशी मी बीपी मशीनमध्ये नवे अल्कलाइन सेल घातले आणि आणखी चार नवे सेल पाकिटासकट मशीनच्या डब्यात ठेवले. काही गोष्टींत हिशेब करायचा नसतो.

नवतपा आणि लिथियम

मे महिन्यात दुसरा धडा मिळाला. लिथियम-आयन सेल चार्ज करण्यासाठी ठरलेली मर्यादा असते साधारण शून्य ते ४५ अंश. बाकी शहरांत हा आकडा मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर पडून राहतो, आपल्याकडे तो रोजच्या हवामानात येतो! २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २०२४ च्या मे महिन्यात तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातम्या झाल्या. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडला होता असं सांगितलं, पण आपल्यापैकी कोणालाच तो आकडा अशक्य वाटला नव्हता, हे विशेष!

चार्ज होताना सेल स्वतःही तापतो. म्हणजे दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर चार्जिंग बंद. मी आता सेल रात्री, कूलरच्या वाऱ्याच्या वाटेवर पण पाण्याच्या तुषारांपासून लांब ठेवते. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत तर कोणताच सेल ठेवू नका. आणि बाबांचा गच्चीवरचा उपाय? साधा सेल उन्हात तापला की आतली रासायनिक क्रिया थोडा वेळ वेग घेते, म्हणून तो पाच-दहा मिनिटं चालतो. त्यांचं चूक नव्हतं, पण लिथियमच्या सेलवर हा प्रयोग अजिबात नको. बाबांना हे पटवायला मात्र मला दोन दिवस लागले.

आणखी एक. बाबांच्या ट्रान्झिस्टरमध्ये यूएसबी सेल घातले तर मीडियम वेव्हवर नुसती घरघर! आतलं सर्किट एका सेकंदात लाखो वेळा चालू-बंद होतं, त्याचा गोंगाट रेडिओ पकडतो. "हे तुझे सेल तूच ऐक," म्हणत बाबांनी ते परत दिले.

तिसरा भिडू

मग रिचार्जेबल नकोतच का? थांबा, एक तिसरा भिडू आहे. जुनाच, निकेल मेटल हायड्राइडचा, एनेलूपसारखा सेल आणि त्याचा वेगळा चार्जर. व्होल्टेज १.२, त्यामुळे एखाद्या नखरेल उपकरणाला कमी पडतं. पण आत सर्किट नाही म्हणून रेडिओत घरघर नाही आणि स्वतःसाठी वीज खाणंही नाही. असे चार सेल मी जानेवारीत घेतले. ट्रान्झिस्टरमध्ये ते मजेत चालले आहेत. आता त्यांचे चार्जरही यूएसबीवर चालणारे मिळतात. म्हणजे शेपटी सेलला लावण्याऐवजी चार्जरला लावली की झालं!

क्षमतेच्या आकड्यांनी मात्र फसू नका. यूएसबी सेलवर मोठ्या अक्षरात '३,४०० एमडब्ल्यूएच' लिहिलेलं असतं, निकेलच्या सेलवर '२,००० एमएएच'. पहिला आकडा मोठा वाटतो, पण दोन्हींची मापं वेगळी आहेत. २,००० ला १.२ ने गुणा. झाले २,४०० एमडब्ल्यूएच. त्यात यूएसबी सेलच्या सर्किटची गळती वजा करा. फरक उरतो, पण जाहिरातीइतका नाही.

घेण्याआधी हे वाचा

* घड्याळ आणि रिमोटसाठी साधा सेलच बरा. पैसा आणि डोकं दोन्ही वाचतं.
* खेळणी, गेमिंग कंट्रोलर, कॅमेऱ्याचा फ्लॅश, वायरलेस माइक वगैरे खादाड मंडळींसाठी यूएसबी किंवा निकेलचे सेल बेस्ट.
* रेडिओसाठी निकेलचा सेल. यूएसबीवाला लिथियम टाळा.
* बीपी मशीन, ग्लुकोमीटरसारख्या गोष्टींत मॅन्युअलमध्ये सांगितलेलाच सेल घाला आणि एक संच शिल्लक ठेवा.
* काही यूएसबी सेल शेवटच्या टप्प्यात मुद्दाम १.१ व्होल्टवर उतरतात, म्हणजे उपकरणाला इशारा मिळतो. घेताना ही सोय आहे का ते पाहा.
* पेन्सिल सेलवर ४,००० एमडब्ल्यूएचच्या वरचा दावा दिसला तर तो सेल पुन्हा शेल्फवर ठेवा.
* यूएसबीवाला सेल चुकूनही साध्या रिचार्जेबल सेलच्या चार्जरमध्ये घालू नका. दोघांची तब्येत वेगळी आहे.
* एकाच उपकरणात नवा-जुना किंवा दोन जातींचे सेल एकत्र नकोत.

संपल्यावर काय?

हा प्रश्न आपण विचारतच नाही. रिचार्जेबल सेलही अमर नसतो, शेकडो वेळा चार्ज झाल्यावर तोही थकतो. मग तो कचऱ्याच्या पिशवीत, पिशवी कचरागाडीत आणि गाडी भांडेवाडीला. उन्हाळ्यात तिथल्या डेपोला आगी लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या ढिगात दाबल्याने फुटू शकणारा लिथियमचा सेल आपल्या हाताने टाकणं बरं नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आणले. आधीचे, २००१ चे नियम होते ते फक्त गाड्या-इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटऱ्यांसाठी. नव्या नियमांत आपले पेन्सिल सेलही आले. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचं रिसायकलिंग करवून घेण्याची जबाबदारी आता उत्पादकावर आहे. सेलवर चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं, त्याचा अर्थ इतकाच की हा घरच्या कचऱ्यात टाकू नका. मी घरात एक रिकामी प्लास्टिकची बरणी ठेवली आहे. लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावायची आणि त्यात टाकायचे. बरणी भरली की ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात. नऊ महिन्यांत बरणीचा तळच जेमतेम झाकला गेलाय. आधी तेवढे सेल आम्ही दोन महिन्यांत फेकायचो!

तर मग, परवडतं का?

आईला मी वही दाखवली. पंधराशे रुपये भाच्याच्या गाडीने वसूल केले, माउसचे अजून व्हायचे आहेत, घड्याळाला मी हात लावणार नाही. सगळ्या घराला एकच सेल ही माझी कल्पना चुकीची होती. प्रत्येक उपकरणाची भूक वेगळी, तिला तसं खाऊ घालायचं, हा खरा फंडा. यूएसबी सेल घ्यायचे तर चारच घ्या, खादाड उपकरण हेरून घ्या आणि त्याच्या जिवावर दुसऱ्या कोणाचा जीव टांगू नका.

आईने वही शांतपणे पाहिली आणि मान डोलावली. मग म्हणाली, "ते सगळं ठीक आहे. गीझरचे मोठे सेल संपले. येताना घेऊन येशील?"